कुर्डुवाडी: रुळांनी वसवलेलं गाव

सोलापूरला जाताना कुर्डुवाडीला गाडी थांबते, आपण चहा घेतो आणि पुढे जातो. खरं तर तिथे उतरायला हवं!

मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला, पण कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी बाजूलाच राहिली. म्हणून कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव 'बार्शी रोड'. बार्शी इथून तीसेक किलोमीटर लांब! नावात 'रोड' दिसला की समजावं, गाव लांब आहे.

ही उणीव एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने भरून काढली. १८९७ मध्ये त्याची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. गंमत अशी, की एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडणार नाही, असा हिशेब त्याने मांडला होता. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले आणि तरीही लांबलचक बोगी डबे धावले. (हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला!)

१९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर टाळ-मृदंग ऐकू येऊ लागले. पुढे लातूर, १९२७ मध्ये मिरज. मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत माणसं आणि माल इथेच बदलायचा, शिवाय रेल्वेचा कारखाना. गाव वाढलं ते यावरच.

आता सगळं ब्रॉडगेज झालंय. वारकरी मात्र अजूनही इथेच गाडी बदलतात.