पाळत आणि देखरेख

दोषी ठरलेल्या प्रत्येकाची रवानगी तुरुंगातच झाली पाहिजे, असे आपला कायदा मानीत नाही. फाशी वा जन्मठेप होऊ शकणारे गुन्हे वगळता, १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार न्यायालय दोषी व्यक्तीस चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते आणि किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. सल्ला, साहाय्य आणि शक्य तेथे रोजगार मिळवून देणे, हे या अधिकाऱ्याचे काम होय.

गावात मात्र त्या व्यक्तीवर नजर असते ती पोलिसांची. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचा, तर पोलीस ठाणे गृह खात्याचे. दोघांची दप्तरे वेगळी, वरिष्ठही वेगळे. त्यांच्यात विचारविनिमय नसेल तर काय घडू शकते, हे जालना जिल्ह्यात सहज ध्यानात येते.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात. मुकादमाची उचल घेतलेल्या मजुरास घरी थांबणे परवडत नाही. असा मजूर परिवीक्षेवर असेल, तर उसाच्या फडात घाम गाळणे हे त्याच्या सुधारणेचेच लक्षण. परंतु ठाण्याच्या लेखी तो गावातून नाहीसा झालेला गुन्हेगार ठरण्याचा धोका असतो.

बंधपत्राच्या अटी बदलून मिळाव्यात म्हणून परिवीक्षा अधिकारी न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. हंगामापूर्वी असा अर्ज व्हावा व मजुराचा नवा ठावठिकाणा ठाण्यास कळवावा. ठाण्यास काही खटकल्यास त्यानेही प्रथम परिवीक्षा अधिकाऱ्याकडे विचारणा करावी. अटींचा भंग झाला की नाही, हे न्यायालय ठरवील. पहिल्या भंगाबद्दल बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

या सहकार्यास एक मर्यादा हवी. परिवीक्षा अधिकारी पोलिसांचा खबऱ्या बनला, तर त्याच्यापाशी कोणीही मन मोकळे करणार नाही. १९५२ साली रद्द झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक जमातींना सक्तीची हजेरी द्यावी लागे. त्या पाळतीने माणसे सुधारली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कपाळी कलंक मात्र लागला.

जिल्ह्यातील पोलीस आणि परिवीक्षा अधिकारी यांनी दिवाळीपूर्वी एकदा एकत्र बसून याद्या पडताळल्या, तरी पुष्कळ अनर्थ टळेल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.