बिघाड नेमका कुणाचा?

विंडोजवर नोड बसवलं, व्हीएस कोड उघडला, खालच्या टर्मिनलमध्ये 'एनपीएम' लिहून एंटर दाबलं, की पुष्कळदा पहिलं उत्तर लाल अक्षरांत येतं: या संगणकावर स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे. हिंगोलीत जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग इतक्यांदा भेटलेला पाहिलाय, की पुढं काय होणार तेही ठाऊक असतं. मुलगा नोड काढून टाकतो, पुन्हा उतरवून घेतो, पुन्हा बसवतो. त्यात मोबाइलचा डेटा खर्ची पडतो. लाल ओळ मात्र जागची हलत नाही.

हलणार कशी? नोडला काही झालेलंच नसतं. नोडबरोबर विंडोजवर एनपीएम सुरू करणाऱ्या एकाहून जास्त फाइली येतात. खालच्या टर्मिनलमधलं पॉवरशेल त्यांतली 'पीएस-वन' या प्रकारची फाइल उचलतं, आणि विंडोजच्या मूळ धोरणात अशा स्क्रिप्टला परवानगी नसते. तीच आज्ञा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये दिली की चालते. नाहीतर स्वतःच्या खात्यापुरतं धोरण 'रिमोट साइन्ड' करून घ्यायचं. गंमत नाही, खरंच वाईट वाटतं ते याचं, की फाइलचं नाव, तिचा पत्ता आणि अडण्याचं कारण हे तिन्ही त्या लाल मजकुरात लिहिलेलं असतं. ते कुणी वाचलेलं नसतं.

म्हणून या मुलांसोबत बसताना माझा पहिला आग्रह एवढाच: हात कीबोर्डवरून काढा, ओळ मोठ्यानं वाचा आणि सांगा, हे बोललं कोण? ब्राउझर, सर्व्हर, विकासाचं साधन की ऑपरेटिंग सिस्टिम? बोलणारा ओळखला की निम्मं काम झालं. पॉवरशेलनं केलेली तक्रार नोडच्या माथी मारली, तर दिवस फुकट जातो.

हिंगोलीतली पोरं एमएस-सीआयटी करतात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्राची पदवी घेतात आणि प्रोग्रॅम लिहायला शिकतात. पुण्याच्या कंपनीत शेजारच्या खुर्चीवर एखादा अनुभवी माणूस असतो. मान वळवून विचारलं की तो स्क्रीनकडे बघून दोन वाक्यांत वाट दाखवतो. सेनगाव किंवा कळमनुरीच्या खोलीत बसलेल्या मुलाला ती खुर्ची नाही. बिघाड शोधण्याचं कौशल्य त्याला पुण्याच्या मुलापेक्षा जास्त लागतं, आणि अभ्यासक्रमात त्या कौशल्याला फारशी जागा नाही.

सेनगाव तालुक्यातल्या एका मुलीनं हळदीच्या हिशेबपट्टीचं वेबपान करायला घेतलंय. घरी हळद आहे, वडील माल घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात जातात. कट्ट्यांची वजनं भरायची, बारदान वजा करायचं, दर टाकायचा, हमाली-तोलाई वगळून निव्वळ रक्कम काढायची. साधं काम, पण घरातल्या माणसाच्या रोजच्या उपयोगाचं. विकासासाठी तिनं व्हीट घेतलं आहे. ते संगणकावरच छोटा सर्व्हर चालवतं आणि पान ५१७३ या पोर्टवर दाखवतं. पान नुसतं डबल-क्लिक करून उघडलं असतं तर जावास्क्रिप्टची मॉड्यूलं ब्राउझरनं सुरक्षेच्या कारणावरून अडवली असती; म्हणून घरच्या घरी सर्व्हर.

एके दिवशी तिचं पान बदलेना. कोडमध्ये दराचा रकाना वाढवला, फाइल जतन केली, तरी ब्राउझरमध्ये जुनंच. कॅश पुसून झाली, संगणक बंद-चालू करायची तयारी झाली. मी थांबवलं. संगणक बंद केला असता तर बिघाड नाहीसा झाला असता आणि कारणही त्याच्याबरोबर गेलं असतं. मग तो पुढच्या आठवड्यात परत आला असता.

तिला म्हटलं, कोडमध्ये मुद्दाम चूक कर. तिनं एक कंस पुसला. अशी चूक दिसली की व्हीट पानावरच मोठी सूचना अंथरतं. पान मात्र हसतखेळत तसंच राहिलं. म्हणजे हे पान या फाइलीतून येतच नव्हतं! इथून पुढं तिचं तिनंच शोधलं. टर्मिनल वर सरकवून पाहिलं तर व्हीटनं केव्हाच सांगून ठेवलं होतं: ५१७३ वापरात आहे, दुसरं पोर्ट बघतो. नवा सर्व्हर ५१७४ वर उभा होता आणि ती ५१७३ चा जुना टॅब बघत होती. मग ५१७३ वर कोण? 'नेटस्टॅट' आज्ञेनं त्या पोर्टवरच्या प्रक्रियेचा क्रमांक दिला. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये कमांड लाइनचा रकाना उघडून त्या क्रमांकापुढं पाहिलं, तर फोल्डरचा पत्ताच लिहिलेला. तिनं राखीव म्हणून मूळ प्रकल्पाची एक प्रत 'फायनल' नावानं काढून ठेवली होती. त्या प्रतीचा सर्व्हर एका खाली दडवलेल्या खिडकीत अजून चालू होता. ती खिडकी बंद केली, प्रतींऐवजी गिट वापरायचं ठरलं आणि विषय मिटला.

हे सापडलं तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. पुन्हा बसवून सुरू झालेल्या यंत्रानं असा आनंद होत नाही.

पुन्हा बसवण्याच्या सवयीचा खरा फटका विजेच्या बाबतीत बसतो. इथं वीज सांगून जात नाही. वळवाच्या वाऱ्यात तर नाहीच. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, आणि एक्सॅम्पवर डेटाबेस चालू असताना वीज गेली, की परत आल्यावर नियंत्रण-पट्टीवर लाल ओळ उमटते: मायएसक्यूएल अनपेक्षितपणे बंद पडलं. (२०१५ पासून एक्सॅम्पमध्ये खरं तर मारिआडीबी असतं, पट्टीवरचं नाव तेवढं जुनं.) त्याखाली पट्टी संभाव्य कारणं मोजून दाखवते: पोर्ट अडलेलं असेल, पूरक घटक नसतील, परवानग्या अपुऱ्या असतील, क्रॅश झाला असेल, दुसऱ्या कुणी बंद केलं असेल. हे सगळे अंदाज आहेत, निदान नव्हे. वसमतकडच्या एका मुलानं यातलं पहिलं कारण धरलं आणि ३३०६ चं पोर्ट ३३०७ केलं. डेटाबेस उठला नाहीच. वर त्याची सगळी पानं ज्या पत्त्यावर डेटाबेस शोधत होती तो पत्ताही बदलला. आता एकाचे दोन बिघाड.

खरी नोंद त्याच पट्टीवरच्या 'लॉग्ज' बटणामागं असते. तिथल्या शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचल्या की बहुधा कळतं कुठली फाइल अर्धवट लिहिली गेली. अशा वेळी कुणीतरी ठामपणे सल्ला देतं की 'आयबीडेटा-वन' पुसून टाक, लगेच चालू होईल. चालू होतंही! पण इनोडीबीच्या तक्त्यांची माहिती त्याच फाइलीत असते. ती गेली की तक्त्यांची नावं दिसतात आणि उघडायला गेलं की असं काही नाहीच म्हणून उत्तर येतं. माझं सांगणं म्हणून कायम एकच: काहीही करण्याआधी 'डेटा' फोल्डर उचलून पूर्ण दुसरीकडे ठेवा. त्यानंतर दुरुस्ती. अनेकदा मोडलेले असतात ते डेटाबेसचे स्वतःचे अंतर्गत तक्ते. ते एक्सॅम्पच्या 'बॅकअप' फोल्डरमधून नव्यानं घेता येतात आणि आपली माहिती व 'आयबीडेटा-वन' जशीच्या तशी ठेवता येते. त्या मुलाच्या नोंदी अशाच वाचल्या. सगळं एक्सॅम्प काढून नव्यानं बसवलं असतं, तर एका किराणा दुकानाची उधारीची वही त्यात गेली असती.

प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना कोरा पडदा देऊन प्रोग्रॅम लिहायला सांगतात. त्याऐवजी एखादा बंद पडलेला प्रकल्प हाती द्यावा, आणि गुण दुरुस्तीला कमी, कारण पुराव्यानिशी दाखवण्याला जास्त ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

हळदीच्या पानाकडे परत येतो. ते मोंढ्यात चालायचं तर वडिलांच्या फोनवर उघडायला हवं. लॅपटॉप त्यांच्याच हॉटस्पॉटवर होता, तरी फोनवर 'लोकलहोस्ट' लिहून काही उघडेना. साहजिक आहे, फोनवरचं लोकलहोस्ट म्हणजे फोन स्वतः, आणि त्याच्यात काही सर्व्हर नाही. याचंही उत्तर टर्मिनलमध्ये आधीपासून छापलेलं होतं: नेटवर्कवर दाखवायचं असेल तर 'होस्ट' हा पर्याय जोडा. तो जोडला, १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता मिळाला, विंडोजच्या फायरवॉलनं परवानगी विचारली ती दिली. पान उघडलं.

वडिलांनी वजनं भरली आणि निव्वळ रकमेच्या जागी आलं 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. लॅपटॉपवर तीच वजनं टाकली तर हिशेब बिनचूक. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही. मला सगळ्यात कठीण वाटतात ते हे बिघाड, जिथं कुणीच तक्रार करत नाही. ब्रेंडन आइकनं १९९५ साली नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला अवतार लिहिला. संख्येच्या जागी भलतंच काही आलं तरी ती थांबत नाही, पुढं जात राहते. एकदा नॅन झाला की त्यात काही मिळवा, वजा करा, नॅनच उरतो. तो स्वतःच्याही बरोबरीचा ठरत नाही.

अशा वेळी दुरुस्तीला हात घालण्याआधी बिघाड आपल्यासमोर पुन्हा घडवून आणता आला पाहिजे. याचं एक उदाहरण बघा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लायगोच्याच अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात यंत्राच्या नोंदींत अनोळखी ठोके येऊ लागले. माइकच्या नोंदी ऐकल्या, बाहेर जाऊन पाहिलं, तर थंड नळीवर साचलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोची मारत होते. शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी बर्फावर तसंच ठोकून पाहिलं, नोंद जुळते का ते तपासलं, आणि मग नळी झाकायची व्यवस्था केली. चार किलोमीटर लांबीच्या भुजांचं यंत्र असो की हळदीची पट्टी, क्रम तोच.

आम्हीही वडिलांना म्हटलं, काका, परत एकदा भरा, आम्ही बघतो. ते मराठी कीबोर्डवर '४८.५' लिहीत होते. लॅपटॉपवर तिनं कायम इंग्रजी अंक वापरलेले. वजनाच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, फोनवरचेच अंक लॅपटॉपवर चिकटवले, आणि बारदान वजा होण्याच्याही आधी, मजकुराची संख्या होते तिथंच, नॅन दिसला.

जावास्क्रिप्टला संख्या मराठी पद्धतीनं छापायला सांगा, ती '१२,३४५' असं देवनागरीत नीट छापते. तोच मजकूर तिला परत वाचायला द्या, तिला तो वाचता येत नाही. उपाय छोटा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचे शून्य ते नऊ सलग बसवलेले आहेत, त्यामुळे संख्या करण्याआधी प्रत्येक अंकाच्या जागी त्याचा इंग्रजी जोडीदार ठेवणारी एक ओळ पुरते. जवळ बसलेला एकजण म्हणाला, काकांना इंग्रजी कीबोर्ड लावून द्या की! मला ते मुळीच पटलं नाही. मोंढ्यात हिशेब मराठी अंकांत करणाऱ्या माणसाचं काही चुकत नाही. चुकत होता तो कोड. दुरुस्ती कोडात झाली.

मग पान खऱ्या सर्व्हरवर चढलं आणि माथ्यावरचं हळदीचं चित्र गायब झालं. नेटवर्क टॅबमध्ये त्या एका ओळीपुढं ४०४. फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, कोडमध्ये स्मॉल. विंडोज यांत फरक करत नाही, सर्व्हरवरचं लिनक्स करतं. नाव बदलून पुन्हा चढवलं तरी चित्र येईना, कारण विंडोजवरच्या गिटला नुसत्या कॅपिटल-स्मॉलचा बदल एरवी जाणवतच नाही. 'गिट एमव्ही' आज्ञेनं नाव बदललं तेव्हा चित्र आलं.

सध्या ती पट्टी छापायच्या मागं आहे. दुकानात असतो तसला छोटा थर्मल प्रिंटर कुणाकडून तरी आणलाय आणि त्याच्यावर जोडाक्षरं तुटून येतात. या वेळी तिनं काही काढलं नाही, काही नव्यानं बसवलं नाही. तोच मजकूर आधी मोठ्या प्रिंटरवर काढला. अक्षरं नीट आली. म्हणजे पान बरोबर आहे, छोट्या प्रिंटरला देवनागरी अक्षरं नीट जोडता येत नाहीत. आता पूर्ण पट्टीचं चित्र करून ते प्रिंटरला पाठवायचा तिचा विचार आहे.