मधल्या षटकांचा मानकरी

बास्केटबॉलच्या मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू एका वेळी उभे असतात. त्यांतील एखाददुसऱ्याच्या नावावर गुणांची रास जमते, आणि उरलेल्यांच्या वाट्याला प्रतिपक्षाचा अग्रणी रोखून धरणे, उसळता चेंडू हस्तगत करणे, सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे अशी कामे येतात, की ज्यांची दखल गुणफलक क्वचितच घेतो. अमेरिकेतील ब्रूस बोवेन हा या वर्गाचा आदर्शच मानावा लागेल. नवोदितांच्या वार्षिक निवडीत त्याला एकाही व्यावसायिक संघाने घेतले नव्हते. तथापि सॅन अँटोनियोच्या संघाने २००३, २००५ आणि २००७ साली जी अजिंक्यपदे मिळविली, त्या तिन्ही वेळी बचावाची मुख्य जोखीम त्याच्याच शिरावर होती.

पेडणे आणि डिचोली महालांतील वाचकाला या भूमिकेचे मर्म निराळे सांगावयास नको. जत्रांच्या हंगामात देवळापुढे रात्रभर रंगणाऱ्या दशावतारात राजा आणि राक्षस यांची नावे पंचक्रोशीत गाजतात, परंतु ज्याच्या पखवाजावर त्यांचे युद्ध उभे राहते तो वादक अनामिकच राहतो.

गोव्याच्या क्रीडाजीवनात असा एक गृहस्थ वावरला, आणि त्याच्या कारकिर्दीची मोजदाद आपण पुरेशी केलेली नाही, असे मला मनापासून वाटते. शादाब जकाती याचा जन्म १९८० सालचा, वास्कोचा. फुटबॉलच्या या मुलखात रणजी करंडकाचे क्रिकेट १९८५-८६ मध्ये आले, आणि १९९८ साली हा डावखुरा फिरकी गोलंदाज गोव्याच्या संघात दाखल झाला. दुर्बल संघाच्या फिरकी गोलंदाजाचे जिणे कष्टाचे असते: प्रतिपक्षाची धावसंख्या फुगत जाते, पाठीशी मोठी धावसंख्या क्वचितच असते, आणि तरीही एका टोकाने इमानेइतबारे षटकांमागून षटके टाकावीच लागतात. ही चाकरी त्याने वर्षानुवर्षे केली. प्रथम श्रेणीच्या ९२ सामन्यांत त्याने २७५ बळी मिळविले. भारतीय संघाचे दार मात्र त्याच्यासाठी कधीच उघडले नाही.

आयपीएल स्पर्धेत चेन्नई सुपर किंग्ज या संघाने त्याला जे काम नेमून दिले, ते वीस षटकांच्या खेळातील सर्वांत अप्रसिद्ध काम होय. पहिली सहा षटके क्षेत्ररक्षणावर निर्बंध असतो, अखेरची चार-पाच षटके फटकेबाजीची. त्यांच्या मधल्या पट्ट्यात फलंदाजाला चेंडूमागे एकाच धावेवर समाधान मानावयास लावणे, त्यासाठी चेंडू यष्टीच्या रोखाने, किंचित सपाट आणि वेगात बदल करीत टाकणे, आणि त्याच्या अधीरतेची वाट पाहणे, एवढेच त्याचे काम. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या या स्पर्धेत लागोपाठ दोन सामन्यांत त्याने चार-चार बळी घेतले, तेव्हा कोठे लोकांनी त्याचे नाव विचारले. मुरलीधरन आणि अश्विन ज्या संघात होते, तेथे आपल्या वाट्याची षटके मिळविणे ही गोष्ट सामान्य नव्हे.

२५ एप्रिल २०१० रोजी नवी मुंबईत झालेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुंबईला १६९ धावा हव्या होत्या आणि सचिन तेंडुलकर ४८ धावांवर खेळत होता. त्याला बाद केले ते जकातीने, आणि सौरभ तिवारीचा बळीही त्याचाच. चेन्नईने तो सामना २२ धावांनी जिंकला. सामन्याचा मानकरी ठरला सुरेश रैना, आणि त्याच्या नाबाद ५७ धावा पाहता ते योग्यच होते. परंतु विजयाच्या जमाखर्चात जकातीचे ते दोन बळी कोठल्याही अर्धशतकाच्या तोडीचे होते, हे मी निःसंकोच सांगेन. पुढच्या वर्षीही अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात तो होताच. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली.

पेडणे-डिचोलीत ज्या क्रिकेट स्पर्धा भरतात, त्यांच्या आयोजकांना एक विनंती करावीशी वाटते: उत्कृष्ट फलंदाज आणि उत्कृष्ट गोलंदाज यांच्या पारितोषिकांबरोबर, ज्याने सर्वाधिक निर्धाव चेंडू टाकले त्या मुलासाठीही एक पारितोषिक येत्या हंगामापासून ठेवावे, आणि त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून सर्वांना ऐकू जाईल असे पुकारावे.