तेच सूर, सोमवारी

8 जानेवारी 2016, शुक्रवार. रॉक गायक डेव्हिड बोवीचा 69 वा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी त्याचा 'ब्लॅकस्टार' हा नवा अल्बम बाजारात आला. सात गाणी, सगळी मिळून साधारण 41 मिनिटं. शुक्रवारी आणि शनिवारी चाहत्यांनी तो कान देऊन ऐकला, त्यावर वाद घातले, समीक्षकांनी भरभरून लिहिलं. रविवारी, 10 तारखेला, बोवी न्यूयॉर्कमध्ये गेला. सोमवारी सकाळी लंडन जागं होत असताना बातमी आली: दीड वर्ष तो कर्करोगाशी झुंजत होता. बाहेर कुणाला याचा पत्ताच नव्हता. पुष्कळांना ही अफवा वाटली, शेवटी त्याचा मुलगा, चित्रपट दिग्दर्शक डंकन जोन्स याने बातमी खरी असल्याचं सांगितलं.

मग लोकांनी तोच अल्बम पुन्हा लावला. त्यातला एक सूर बदललेला नव्हता, एक ठोका इकडचा तिकडे झालेला नव्हता. तरीही ऐकू आलं ते वेगळंच काहीतरी.

संगीताच्या इतिहासात मला याहून नवलाची गोष्ट क्वचितच दिसते. गाण्याचा अर्थ गाण्यात असतो असं आपण धरून चालतो. इथे गाणं जागच्या जागी राहिलं आणि अर्थ तीन दिवसांत पार पालटला, तोही एकाच वेळी लाखो कानांत. असा प्रयोग ठरवून कुणालाच करता आला नसता.

शुक्रवारच्या श्रोत्यांना काय ऐकू येत होतं, ते आधी पाहू. त्यांना ऐकू येत होता एक जुना, मुरलेला रॉक गायक, जो या वयात रॉककडे पाठ फिरवून भलत्याच वाटेला लागला होता. 2004 मध्ये जर्मनीतल्या एका कार्यक्रमादरम्यान त्याच्या हृदयाचं दुखणं उघड झालं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याने दौरे बंदच केले. पुढची कितीतरी वर्षं नवा अल्बम नाही. 2013 च्या वाढदिवशी कसलीही पूर्वसूचना न देता त्याने एक नवं गाणं प्रसिद्ध केलं आणि मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' हा अल्बम आला. तो उत्तम होता, पण ओळखीचा होता. 'ब्लॅकस्टार' तसा नव्हता.

याचं बीज न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, '55 बार' नावाच्या छोट्याशा तळघरातल्या ठिकाणी पडलं. संगीतकार मारिया श्नायडर हिने सुचवल्यावरून बोवी 2014 मध्ये तिथे डॉनी मॅकॅस्लिन या सॅक्सोफोनवादकाची चौकडी ऐकायला गेला. मॅकॅस्लिनसोबत जेसन लिंडनर कीबोर्डवर, टिम लफेव्हर बेसवर आणि मार्क गिलियाना ड्रमवर. चौघेही जॅझच्या तालमीत वाढलेले. बोवीने ही अख्खी टोळीच उचलली आणि गिटारसाठी बेन मॉन्डरला जोडीला घेतलं. 2015 च्या सुरुवातीला ही मंडळी 'मॅजिक शॉप' या स्टुडिओत जमली. स्टुडिओ बोवीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. निर्माता टोनी विस्कॉंटी, त्याचा 1960 च्या दशकापासूनचा साथीदार. रॉक अँड रोल टाळायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि त्या दिवसांत ते केंड्रिक लमारचं रॅप ऐकत होते, असं विस्कॉंटीने सांगितलं आहे. म्हणजे सत्तरीला टेकलेला माणूस आपल्या मुलाच्या पिढीपेक्षाही धाकट्या कलावंताकडून काही घेऊ पाहत होता. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता एक जागा अगदी जवळून ऐका. अल्बममधलं दुसरं गाणं, ज्याचं शीर्षक सतराव्या शतकातल्या जॉन फोर्डच्या एका नाटकाच्या नावावरून घेतलंय. गाणं सुरू होतं तेव्हा श्वास जोरात आत ओढल्याचा आवाज येतो. शुक्रवारी तो आवाज अंगात आलेल्या जोशाचा वाटला होता, उडी मारण्याआधी माणूस छाती भरून घेतो तसा. सोमवारी तोच आवाज ऐकताना लोकांच्या अंगावर काटा आला, कारण आता तो आजारी माणसाचा श्वास होता. पण या गाण्याचं पहिलं रूप 2014 च्या नोव्हेंबरमध्येच बाहेर आलं होतं, आणि अल्बममधलं 'सू' हे गाणंही तेव्हाचंच, श्नायडरच्या वाद्यवृंदासोबत केलेलं. सातांतली दोन गाणी अशी आधीपासून लोकांच्या कानावर होती. त्यांच्यात कुणालाही मृत्यू ऐकू आला नव्हता.

'लाझरस'ची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. हे गाणं ऐकताना आज कुणालाही वाटतं की बोवी स्वतःच्या मरणाबद्दल गातोय. गाण्यातला माणूस पलीकडच्या जगातून बोलतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. त्याचा व्हिडिओ 7 जानेवारीला आला. त्यात बोवी पलंगावर पडलेला दिसतो, डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी बटणं, आणि शेवटी तो उलट्या पावलांनी कपाटात शिरून दार ओढून घेतो. यापेक्षा उघड निरोप कोणता? पण पलंगाची कल्पना दिग्दर्शक योहान रेंक याची होती. बायबलमधला लाझरस मेल्यानंतर उठतो, म्हणून त्याला पलंग सुचला आणि त्या वेळी त्याला आजाराची गंभीरता ठाऊक नव्हती. उपचार थांबवण्याचा निर्णय झाल्याचं बोवीला कळलं ते चित्रीकरणाच्याच आठवड्यात, हेही रेंकला पुढे समजलं. शिवाय गाणं मुळात 'लाझरस' याच नावाच्या संगीत नाटकासाठी होतं. ते डिसेंबर 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आलं आणि त्याच्या शुभारंभाला बोवी लोकांना अखेरचा दिसला. नाटकाचा नायक पृथ्वीवर अडकलेला परग्रहवासी, ज्याला मरण हवंय आणि ते येत नाही. ज्याला मरताच येत नाही अशा पात्राचं गाणं मरणाऱ्या माणसाचं गाणं होऊन बसलं.

आपल्या मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोत्यांना कळतं, आता उठायचं. बोवीने भैरवी गायली, पण भैरवी आहे हे सांगितलं नाही. की ती भैरवी नव्हतीच? विस्कॉंटीने बोवी गेल्यानंतर लिहिलं की हा अल्बम म्हणजे बोवीने आपल्यासाठी मागे ठेवलेली निरोपाची भेट होती. त्यानेच पुढे असंही सांगितलं की मृत्यूच्या आठवडाभर आधी बोवीचा फोन आला होता, त्याला आणखी एक अल्बम करायचा होता आणि पाच नव्या गाण्यांचे कच्चे आराखडे तयार होते. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत असं माझं मत आहे. मृत्यू दिसत असलेला माणूसही उद्याच्या कामाची जुळवाजुळव करतोच. पण 'बोवीने आपल्या मृत्यूचं वेळापत्रक आखून कलाकृती केली' ही जी दंतकथा रूढ झाली, ती मला पटत नाही. त्यात त्याचा गौरव कमी आणि आपली गोष्ट पूर्ण करण्याची हौस जास्त दिसते.

इतरांच्या बाबतीतही असं घडलंय, पण अल्बम आणि बातमी यांमधली अंतरं वेगळी होती. अमेरिकन गीतकार वॉरन झीव्हन याने 2002 मध्ये आपला कर्करोग जाहीर केला आणि मग 'द विंड' हा अल्बम केला. श्रोत्यांनी तो पहिल्याच दिवशी निरोप म्हणून ऐकला, त्यांना दुसरं काही ऐकायची संधीच नव्हती. गायक-गीतकार लेनर्ड कोहेनचा 'यू वॉन्ट इट डार्कर' बोवीच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला आणि कोहेन 17 दिवसांनी गेला. क्वीन या बँडच्या 'इन्युएन्डो'चं अंतर सर्वांत मोठं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच पोरवयात पहिला बँड काढलेला फारुख बलसारा. 1991 च्या फेब्रुवारीत तो अल्बम आला आणि आजार जाहीर झाला 23 नोव्हेंबरला, मृत्यूच्या आदल्या दिवशी. मधले नऊ महिने लोक त्यातली गाणी गाणी म्हणूनच ऐकत होते. याच फ्रेडीबरोबर बोवीने 1981 मध्ये 'अंडर प्रेशर' गायलं होतं आणि 1992 मध्ये वेम्ब्लीत त्याच्या स्मृतिसभेत गुडघे टेकून प्रार्थना म्हटली होती.

नऊ महिन्यांत ऐकणं हळूहळू सरकतं. तीन दिवसांत ते सरकत नाही, तुटतं. म्हणूनच 'ब्लॅकस्टार'चे श्रोते आपलं ऐकणं कसं बदललं हे इतकं स्पष्ट सांगू शकले. त्यांना शुक्रवार आठवत होता.

सोमवारी रात्री बोवीच्या जन्मगावी, लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये, लोक रस्त्यावर जमून त्याची गाणी म्हणत होते, त्याच्या भित्तिचित्रापाशी फुलांचा खच पडला होता. अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. इतक्या दशकांच्या कारकिर्दीत तिथे बोवीला पहिल्यांदाच हे स्थान मिळालं. पुढच्या वर्षी या अल्बमला पाच ग्रॅमी मिळाले.

काहींनी तर कव्हरही ऐकल्यासारखं वाचायला घेतलं. जोनाथन बार्नब्रुकने केलेल्या तबकडीच्या वेष्टनावर बोवीचा चेहरा नाही. काळ्या पुठ्ठ्यात तारा कापलेला आहे आणि त्यातून आतली काळी तबकडी दिसते. खाली ताऱ्याचे तुकडे मांडलेत, नीट पाहिलं तर त्यांत बोवीच्या नावाची अक्षरं सापडतात. काही महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की वेष्टनाच्या आतल्या काळ्या भागावर ऊन पडलं की तिथे चांदण्यांनी भरलेलं आकाश उमटतं. त्या चांदण्या पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या.

एक खंत मात्र आहे. सोमवारच्या ऐकण्याने मृत्यू इतका मोठा केला की वादक मागे पडले. गिलियाना 'सू'मध्ये ड्रमवर जे करतो त्यात इतकी गती आणि इतकी अचूकता आहे की यंत्र वाजवतंय की माणूस, असा प्रश्न पडावा. शीर्षकगीत मुळात दोन वेगळ्या गाण्यांचा सांधा आहे. ते अकरा मिनिटांपेक्षा मोठं होतं, पण आयट्यून्सवर दहा मिनिटांवरचं गाणं सुटं विकता येत नसल्याने 9 मिनिटं 57 सेकंदांवर आणलं गेलं. आणि शेवटच्या गाण्यात, 'आय कान्ट गिव्ह एव्हरीथिंग अवे'मध्ये, माउथऑर्गनवर एक धून येते, ती बोवीच्याच 1977 च्या 'लो' अल्बममधली. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा एक धागा त्याने इथे विणला, आणि तो ओळखायला मृत्यूची बातमी लागत नाही, जुना अल्बम ऐकलेला असावा लागतो.

शुक्रवारचं ऐकणं कायमचं गेलं असं म्हणतात, ते मला पूर्ण खरं वाटत नाही. बोवीचं नावही न ऐकलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. हे वाचल्यावर तुम्हाला ते ऐकणं आता मिळणार नाही, त्याबद्दल माफ करा. पण घरातल्या एखाद्या कानसेनाला, ज्याला तबला कळतो पण बोवी कोण हे माहीत नाही, काहीही न सांगता 'लाझरस' ऐकवा. बेसची ती वर चढलेली सुरुवात, गिटारचे तुटक फटके, उत्तरार्धात फुगत जाणारा मॅकॅस्लिनचा सॅक्सोफोन. मग विचारा, हा गाणारा माणूस कसा आहे, त्याचं वय किती, त्याला काय हवंय. उत्तर देऊ द्या, आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत तारखा सांगू नका.