फोटो एडिटिंग शिकताना कोणाचं ऐकायचं?

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंड स्टेशनच्या आसपास एखाद्या फोटो स्टुडिओत एडिटिंग शिकायला बसलेल्या मुलाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "हे पुस्तकातून येत नाही, बघून बघूनच येतं." हे निम्मंच खरं आहे. हात बघूनच बसतो. पण लग्नसराईत दुकानातल्या दादाला समजावत बसायला वेळ नसतो. कोणतं बटण दाबायचं ते कळतं, का दाबायचं ते राहून जातं, आणि पुढच्या ऑर्डरीत फोटोतला उजेड वेगळा निघाला की हात अडतो. तिथे संदर्भसाहित्य लागतं. ते कसं निवडायचं याबद्दलचे काही समज इतके घट्ट बसलेत की त्यात चांगल्या पोरांची उमेदीची वर्षं जातात.

पहिला समज, यूट्यूबवर सगळं आहे. सगळं आहेच, पण ते कोणत्या आवृत्तीवर शिकवलंय हे कुणी बघत नाही. तालुक्याच्या गावांत कित्येक वर्षं फोटोशॉप ७ चाललं. ही आवृत्ती २००२ सालची. स्मार्ट ऑब्जेक्ट २००५ च्या सीएस२ मध्ये आले, कंटेंट-अवेअर फिल २०१० च्या सीएस५ मध्ये, आणि शब्द लिहून चित्र भरणारं जनरेटिव्ह फिल २०२३ मध्ये. व्हिडिओतला माणूस नव्या मेनूतून भराभर पुढे जातो. इकडे मुलगा जुन्या मेनूत ते नाव शोधत राहतो आणि सापडलं नाही की स्वतःलाच मठ्ठ ठरवतो. चूक त्याची नसतेच. हेल्प मेनूत 'अबाउट फोटोशॉप' उघडून आपली आवृत्ती बघावी आणि धडा शोधताना तो आकडा सोबत टाकावा. एवढ्यानं निम्मा वैताग वाचतो. चॅटबॉटला विचारतानाही आवृत्ती सांगावी, कारण तुमच्या मेनूत नसलेली नावंसुद्धा तो ठामपणे सांगू शकतो.

यावरून जुनी पुस्तकं रद्दीत घालावीत असं कुणाला वाटेल, तर तेही चूक. लेयर १९९४ मध्ये आले, अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ मध्ये. लेव्हल्स, कर्व्हज, चॅनेल, मास्क यांचं तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही. रंगदुरुस्तीवर डॅन मार्गुलिस यांचं 'प्रोफेशनल फोटोशॉप' आणि जुने, फाटलेले फोटो दुरुस्त करण्यावर कॅट्रिन आइसमन यांचं पुस्तक आजही शिकवतं. घरातल्या गेलेल्या माणसाचा एकच डाग पडलेला फोटो फ्रेमसाठी मोठा करायला येतो, तेव्हा तयार बटण आणि शिकलेला हात यांतला फरक कळतो. एआयचं बटण चेहरा गुळगुळीत करून देतं, पण तो चेहरा घरच्यांच्या ओळखीचा राहतोच असं नाही. डोळे आणि ओठ न हलवता फक्त डाग कसा काढायचा, हे नीट शिकावंच लागतं. अडोबीच्या 'क्लासरूम इन अ बुक' मालिकेत सरावाच्या फाइलीही मिळतात. पुस्तकातला फोटो आणि आपल्या पडद्यावरचा फोटो एकच असला, तर कुठे चुकलं ते लगेच दिसतं. अशी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी-नवी शोधता येतात. दौंडहून तर थेट लोकलनं पुणं गाठता येतं.

एक विषय मात्र जगभरातल्या उत्तम शिक्षकांच्या धड्यांतही सहसा नसतो, आणि आपल्या कामात तो रोज लागतो: फोटोवर मराठी अक्षरं टाकणं. वाढदिवसाचा फ्लेक्स, बैलगाडा शर्यतीचा बॅनर, दशक्रियेची पत्रिका, सगळीकडे देवनागरी. "फोटोशॉपला मराठी येत नाही" हा समज इथूनच आला. जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं सुटायची, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसायची. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सीडॅकची आयएसएम ही सॉफ्टवेअर डीटीपीवाल्यांच्या हाडीमासी भिनली. त्यांच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, म्हणून ती चालायची. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तिथे तो फाँट नसला की नुसता कचरा दिसायचा.

पुढे फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठी मजकुराचं वेगळं इंजिन आलं. क्रिएटिव्ह क्लाउडच्या मधल्या आवृत्त्यांत ते प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात जाऊन निवडावं लागतं. नंतरच्या आवृत्त्यांत वेगळं इंजिन निवडावं लागत नाही, पण जुन्या फाइलीतल्या मजकुराची अक्षरं तुटत असतील तर पॅराग्राफ पॅनेलमध्ये 'वर्ल्ड-रेडी' ही मांडणी आहे का ते तपासावं. ही माहिती अडोबीच्या स्वतःच्या मदत-पानांवर आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे युनिकोड फाँट मोफत आहेत आणि धंद्याच्या कामातही बिनधास्त वापरता येतात. मराठी अक्षरांसाठी फोटोशॉप ७ ला चिकटून राहायचं कारण त्यामुळे उरलेलं नाही.

पेन ड्राइव्हभर तयार पीएसडी फाइली गोळा झाल्या म्हणजे शिकून झालं, हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो. तयार शीटमध्ये नवरा-नवरीचे फोटो सोडले की अल्बम होतो, हे खरं. पण तीच शीट उलटी वापरून बघा. एकेक लेयर बंद-चालू करा, मास्क कुठे लावलाय, सावली कोणत्या ब्लेंडिंग मोडमध्ये आहे ते वहीत लिहा, मग कोऱ्या पानावर तीच शीट स्वतः उभी करा. तेव्हा ती पीएसडी धडा होते.

"डीपीआय ३०० केलं की फोटो क्लिअर होतो" हे तर जवळपास सगळेच सांगतात. फोटोत पिक्सेल जेवढे आहेत तेवढेच राहतात. इमेज साइजच्या खिडकीत 'रीसॅम्पल'ची खूण काढून आकडा बदला, छपाईची इंचातली मापं तेवढी बदलतील. मोबाइलवर आलेला १६०० पिक्सेल लांबीचा फोटो ३०० नं छापला तर जेमतेम सव्वापाच इंच भरतो. खूण ठेवून आकडा वाढवला तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजानं भरतं. १२ बाय ३६ इंचांच्या अल्बम शीटला ३०० नं ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात. रस्त्यावर दुरून बघायच्या मोठ्या फ्लेक्सला ७२ सुद्धा पुरतं.

इथे संदर्भ म्हणून पुस्तकापेक्षा छापणाऱ्या माणसाचा शब्द मोठा. फोटो कागदावर छापणारी लॅब बहुधा आरजीबी, त्यातही एसआरजीबी मागते. पत्रिकेच्या ऑफसेट छपाईला सीएमवायके लागतं. "छपाई म्हटलं की सीएमवायके" असं शिकवणाऱ्या व्हिडिओवर विसंबून अल्बम पाठवला तर रंग उगाच मरतात. ऑनलाइन अर्जांच्या फोटोचंही तसंच. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असा मागतात. दुसऱ्या भरतीत माप वेगळं असू शकतं, म्हणून दर वेळी जाहिरातच उघडून वाचावी.

राहिला प्रश्न मराठीचा. "यातलं मराठीत काहीच नाही" असं म्हणताना निदान दौंड तालुक्यानं तरी थांबावं. याच तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, १९२२ साली निधन होईपर्यंत त्यावर काम केलं, आणि त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी त्याचे खिळे जुळवले. हिब्रूचं व्याकरणसुद्धा त्यांनी मराठीत लिहिलं. त्यापुढे लेयर आणि मास्क मराठीत समजावणं काहीच अवघड नाही, आणि ते काम सुरूही झालंय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिंप या मोफत सॉफ्टवेअरची धड्यांची मालिका आहे आणि तिच्यातले धडे मराठीत ऐकता येतात. एकेक धडा छोटा, पडद्यावरचे मेनू इंग्रजीत आणि बोलणं मराठीत. व्हिडिओ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करायचं, पुन्हा चालू करायचा, अशी त्यांची पद्धत. धडे गिंपच्या जुन्या आवृत्तीवर आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये काही गोष्टी जागच्या हलल्यात, तिथे गिंपची अधिकृत पुस्तिका शेजारी ठेवावी. तीही मोफत आहे. फोटोशॉपचं भाडं परवडत नाही म्हणून क्रॅक टाकून संगणकात व्हायरस ओढवून घेण्यापेक्षा शिकण्याची सुरुवात गिंपवर करावी. लेयर, मास्क, कर्व्हज तिथेही त्याच नावांनी आहेत, आणि एकदा समजले की फोटोशॉपवर जाताना नव्यानं शिकावे लागत नाहीत.