बिनटेकूचा बोगदा

भाचा मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळत होता आणि बाबा त्याच्या खांद्यावरून बघत होते. बाबांची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली, सुरुवातीची वर्षं भूमिगत खाणीत. भाच्याने डोंगराच्या पोटात सरळ बोगदा काढला, वीस-पंचवीस ठोकळे आत गेला, डावीकडे वळला, तिथे चांगली ऐसपैस खोली कोरली आणि मशाली लावल्या. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अन् टेकू कुठी आहे बे?”

“टेकू लागत नाही आबाजी. गेम आहे.”

“छत कोन धरून आहे मंग?”

कोणीच नाही. माइनक्राफ्टमध्ये वाळू, खडी आणि अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर काही खाली पडत नाही. झाडाचा बुंधा मधून तोडा, वरचं झाड तसंच हवेत राहतं. प्रत्येक ठोकळ्याला खालून आधार आहे की नाही हे सतत तपासत बसायचं, तर एक ठोकळा फोडताच आजूबाजूच्या हजारोंचा हिशेब करावा लागेल आणि मोबाइल तिथेच मान टाकेल. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाला बहुतांशी रजा. मार्कुस पेर्सोन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ मध्ये हा गेम कच्च्या रूपात लोकांपुढे ठेवला, २०११ च्या नोव्हेंबरात तो पूर्ण झाला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. आजवर तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. त्यातली एक आमच्या घरात आहे आणि एका निवृत्त खाणकामगाराने तिच्यात पहिल्याच दिवशी सुरक्षेची चूक काढली.

बाबांचे आक्षेप तिथे थांबले नाहीत. कोळसा डोंगराच्या माथ्यावर सापडतो हे त्यांना अजिबात पटलं नाही. २०२१ च्या मोठ्या बदलानंतर गेममधला कोळसा खरोखरच उंचावर जास्त मिळतो, खोल गेलं की संपतो. आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा पर्मियन काळातला, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतला, बराकार नावाच्या खडकथरात दबलेला. त्यावर कामठीचा वाळूखडक आणि वर काळी माती. त्याच्यापर्यंत पोचायला आधी ओबी, म्हणजे वरचा सगळा मलबा, डंपर भरभरून बाजूला टाकावा लागतो. गेममध्ये ओबी कुठे टाकायचा हा प्रश्नच येत नाही, कारण फोडलेले दगड खिशात मावतात. आमच्या घुग्घुस गावाभोवती मात्र ओबीचे डोंगर उभे आहेत, आणि नव्या माणसाला ते खरेच डोंगर वाटतात. एका कोळशावर भट्टीत आठ वस्तू भाजून निघतात, हे ऐकून बाबा म्हणाले, “येवढा ग्रेड आपल्याकडे नाही लागला कधी.”

हे विनोदाने सांगतोय खरं, पण टेकूचा प्रश्न आमच्याकडे विनोदाचा नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक घर जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली आणि आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली. त्यानंतर बाबांच्या डोळ्यांना बिनटेकूची खोली खेळातसुद्धा सहन होत नसेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

माझं गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ‘गीक’ हा शब्द इथे कोणी वापरत नाही. ‘लय डोकं लावते तो’ एवढीच पदवी मिळते. पण संध्याकाळी दुकानात जमणारी पोरं, सिमेंट कंपनीतले दोघे इलेक्ट्रिशियन, एमएस-सीआयटी शिकवणारे एक सर, यांच्यात जे वाद होतात ते पुण्या-बंगळुरूतल्या कुठल्याही तंत्रवेड्यांच्या वादांइतकेच कडवे असतात. विंडोज की लिनक्स, अँड्रॉइड की आयफोन, पीसी की मोबाइल. फरक इतकाच की आमच्या मतांवर धूळ, ऊन आणि वीज यांचे ठसे उमटलेले आहेत.

धुळीपासून सांगतो. लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची ती नक्कल होती हे कळायला पंधरा वर्षं गेली. पिवळी कॅसेट, वर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं, आत खरे गेम जेमतेम डझनभर, बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावाने. चालली नाही की काढायची आणि फुंकर मारायची. निन्टेन्डोने पुढे जाहीर सांगितलं की फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पत्रे गंजतात. सल्ला बरोबर असेल, पण घुग्घुसात कॅसेटमध्ये खरोखरच कोळशाची पूड असायची. आजही कॅबिनेट उघडलं की आत काजळ. फॅनच्या पात्यांवर काळा थर साचतो, उष्णता बाहेर पडत नाही, मशीन आपोआप बंद होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘व्हायरस आला’. मी पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणतो, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतो. दहातली सहा मशीनं तेवढ्यावर चालू होतात. सायबर कॅफेच्या जमान्यात काउंटर-स्ट्राइकचा ‘डस्ट टू’ हा नकाशा जगभर गाजत होता, तेव्हा आमच्यातला एक जण म्हणायचा, आपण राहतो तो डस्ट थ्री.

त्या पिवळ्या कॅसेटमधल्या सुपर मारिओबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझी सगळी आवडनिवड तिथे ठरली. १९८५ चा हा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. सकाळी काकांकडून येणारा ‘शुभ सकाळ’चा गुलाबाचा फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत बत्तीस पातळ्या, संगीत, शत्रू, पाण्याखालचं जग, सगळं बसवायचं तर काटकसर करावी लागणारच. म्हणून मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला घरातल्या एकाच साडीचे परकर, पडदे आणि गोधडी करणारी आजी आठवली. आज दीडशे गिगाबाइटचा गेम उतरवायला पोरं रात्रभर वायफाय चालू ठेवतात. मी त्यांच्याशी भांडतो. दीडशे गिगाबाइट लागतात यात कौशल्य काय, असा माझा मुद्दा. ‘काका, तुम्ही जुने झाले,’ असा त्यांचा. चित्रं पाहिली की त्यांचंही पटतं, हे मी दुकानात कबूल करत नाही.

विजेचं प्रकरण मात्र जुनं दुखणं आहे. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. वसुली आणि गळती पाहून फीडरांचे गट पाडलेले आणि त्यानुसार भारनियमनाचे तास. त्याच काळात आमच्याकडे ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या गेमचं वेड होतं. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने २००० मध्ये काढलेला हा गुप्तहेराचा खेळ. त्यात मोहिमेच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही. चाळीस मिनिटं सरपटत, कुंपणं कापत, टेहळणी मनोरे चुकवत शेवटच्या दारापर्यंत जायचं आणि तिथे लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. समीक्षकांनीही ही उणीव तेव्हाच दाखवली होती. त्यांना ती खेळाच्या रचनेतली वाटली, आम्हाला नॉर्वेत भारनियमन नसल्याचा पुरावा वाटला. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते त्यावरून कुठली मोहीम घ्यायची हे ठरायचं. बॅटरी, लोड आणि व्होल्टेज हे शब्द माझ्या पिढीला शाळेआधी आयजीआयने शिकवले.

यातली खरी गंमत अशी की वीज आमच्याच उशाशी तयार होत होती. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॉट. तिथून एक लाइन थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते. ७५२ किलोमीटर, ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉट, १९९९ पासून चालू. ही साधी लाइन नाही. नेहमीची एसी वीज इथे डीसी करतात, तशीच मुंबईच्या दारापर्यंत नेतात आणि तिथे पुन्हा एसी करतात, कारण इतक्या लांबवर डीसीत गळती कमी होते. दुकानातल्या इलेक्ट्रिशियनांना या लाइनचा अभिमानही आहे आणि रागही. तांत्रिक वस्तू म्हणून ती देखणी आहे, यावर दोघांचं एकमत.

आता गेमांच्या सर्व्हरकडे या. अ‍ॅमेझॉनने आपलं क्लाउड केंद्र २०१६ मध्ये मुंबईत आणलं, व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमसाठी रायट कंपनीने २०२० मध्ये मुंबईत सर्व्हर लावले. त्याआधी आपली पोरं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायची आणि आपण गोळी झाडेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. बटण दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंतचा वेळ म्हणजे पिंग. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. घुग्घुस ते मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेसहाशे किलोमीटर. जाऊन-येऊन साडेसहा मिलिसेकंद पुरायला हवेत. आमच्या पडद्यावर चाळीस-पन्नास दिसतात. उरलेला वेळ टॉवरवर, वळशांच्या मार्गांवर आणि वाटेतल्या रांगांमध्ये जातो. मुंबईतल्या पोराला आठ-दहा. चकमकीत हा फरक जीव घेतो. हरला की आमच्यातला एक जण हमखास म्हणतो, “आपल्याच कोळशावर सर्व्हर चालते अन् आपल्यालेच मारते.”

उन्हाचं म्हणाल तर अँड्रॉइड-आयफोन वाद आमच्याकडे त्यानेच मिटवला. आयफोन कुठल्या हवेत वापरावा याबद्दल अ‍ॅपलचं अधिकृत मार्गदर्शन आहे, शून्य ते ३५ अंश. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७-४८ वर जातो. म्हणजे मार्च ते जून दुपारी आयफोन कपाटातच ठेवावा. अँड्रॉइडवाल्यांची अवस्थाही फार बरी नाही. चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. म्हणून कुठला प्रोसेसर कमी तापतो हा इथे अव्वल निकष, कॅमेरा दुय्यम. मोबाइल कूलरच्या जाळीला टेकवून, इअरफोनची वायर ताणून खेळणारी पोरं पाहायची असतील तर एप्रिलात या.

चोरीच्या सीडींबद्दल सोवळेपणाने बोलायचा अधिकार मला नाही. चंद्रपुरातून पन्नास रुपयांत आणलेल्या सीडीवरच आम्ही वाढलो. पण त्यातून एक शिक्षण झालं हेही खरं. ईए स्पोर्ट्‌सचा ‘क्रिकेट ०७’ हा २००६ च्या शेवटी आला आणि त्यानंतर त्या कंपनीने क्रिकेटचा गेम काढलाच नाही. परवाने इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे, त्यामुळे भारतीय खेळाडूंची नावं मोडतोड करून टाकलेली. मग जगभरच्या चाहत्यांनी पॅच बनवायला घेतले. नवी नावं, नवे गणवेश, पुढे आयपीएलचे संघसुद्धा. पॅच टाकायचा तर फोल्डर उघडा, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, नवी टाका, बिघडलं तर परत फिरवा. बॅकअप म्हणजे काय हे मला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवलं नाही. एकदा प्रत न ठेवता पॅच टाकला, अख्खा गेम गेला, तेव्हा शिकलो. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानाने २०१५ मध्ये रुपयांत किमती लावल्या आणि मग यूपीआय आलं. आता दुकानातली कमावती पोरं सेलमध्ये गेम विकत घेतात आणि पावती दाखवतात. चोरीच्या गेमला आता ती हसतात. मला हा बदल मनापासून आवडतो.

पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय या नावाने तो २०२१ मध्ये परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. या आवक-जावकीत पोरांनी एकच धडा घेतला, दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं काही आपलं नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सला मात्र मान्यता दिली. त्या दिवशी दुकानात पहिल्यांदाच कोणी सरकारशी वाद घातला नाही. पगाराच्या दिवशी रमीत हरलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली होती. त्यांना ‘गेमर’ म्हणतात याचाच खऱ्या खेळणाऱ्यांना राग होता.

देशी गेमांवर मतं दुभंगलेली आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. राजस्थानी महालांचं त्यातलं काम इतकं नजाकतीचं की सरांनी तो फक्त भिंती पाहायला दुसऱ्यांदा खेळला. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ मध्ये आला. त्यावर पोरांचा शेरा, “बंदूक चांगली हाय, गर्दी नाही.” माझी तक्रार वेगळी आहे. वाळवंट झालं, महाल झाले. मोहफुलांच्या दिवसांतलं पहाटेचं जंगल, अस्वलाची भीती, टोपली भरायची घाई, यात गेमला लागतं ते सगळं तयार आहे. कोणीतरी करावा. तोवर माइनक्राफ्ट आहेच.

गेल्या महिन्यात भाच्याने त्याच्या मित्रांबरोबर एकत्र दुनिया उघडली. त्यात पुण्याचा एक मित्रही आहे. सगळ्यांनी मिळून खाण काढली. मी डोकावलो तर भाच्याच्या बाजूच्या बोगद्यात दर चार ठोकळ्यांवर दोन्हीकडे लाकडी खांब आणि वर आडवी फळी. पुण्याच्या पोराने माइकवर विचारलं, “हे कशाला लावतोयस? पडत नाही ते.”

“माहीत आहे,” भाचा म्हणाला आणि पुढचा खांब लावला. बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “वळणावर डबल लाव.”