बापूंच्या आश्रमातील नास्तिक

देवावरून आता आपल्या घरांत भांडणे होत नाहीत. पूर्वी होत असत. मुलगा संध्येला बसेना, की वडील भरल्या ताटावरून उठत. आता आजी आरतीला हाक मारते, नात ‘आले हं’ म्हणत स्वयंपाकघरात मोदकांच्या ताटाशी रेंगाळते आणि आरती संपली की हळूच बाहेर येते. कोणी कोणाला काही विचारीत नाही. आमच्या घरी दीड दिवसाच्या गणपतीत गेली तीन वर्षे हे असेच चालले आहे. आजी म्हणजे माझी आई आणि नात म्हणजे माझी पुतणी. दोघींचा एकमेकींवर मोठा जीव. म्हणूनच विषय निघत नाही. याला आम्ही घरच्या मंडळींनी ‘एकमेकींच्या मतांचा आदर’ असे भारदस्त नाव दिले आहे. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की, हा आदर नव्हे. हा नुसता अबोला आहे, गोड बोलून पाळलेला!

हे वाटू लागले ते सेवाग्रामला. कॉलेजची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरचे हे गाव. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. माती-बांबूची ती कुटी, समोरचे प्रार्थनेचे अंगण आणि गांधीजींनी लावलेला पिंपळ हे सारे पाहून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, देव न मानणाऱ्याला इथे थारा मिळाला असता का?”

मिळाला होता. त्या गृहस्थांचे नाव गोपराजू रामचंद्र राव. नावाच्या आद्याक्षरांवरून ते आंध्रात ‘गोरा’ म्हणून ओळखले जात. वर्णाशी त्याचा काही संबंध नाही. जन्म १९०२ चा. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, पण नास्तिक मतांपायी दोनदा नोकरी गेली. मग १९४० साली कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूरु या खेड्यात त्यांनी चक्क ‘नास्तिक केंद्र’ काढले आणि अस्पृश्यतानिवारणाचे काम सुरू केले. सर्व जातींची सहभोजने घालावयाची, हा त्या कामाचा एक भाग. तसे भोजन त्या काळच्या खेड्यात घालणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

येथे ‘नास्तिक’ या शब्दाविषयी थोडे सांगितल्यावाचून माझ्यातल्या मराठीच्या मास्तराला राहवणार नाही. आपल्या दर्शनशास्त्रात नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे, वेद न मानणारा. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य हे आस्तिकांच्या पंगतीत आणि बौद्ध, जैन नास्तिकांच्या. पुढे हा अर्थ पुसट झाला आणि शब्दाची शिवी झाली. आगरकरांसारख्या निःस्पृह माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुण्यातल्या लोकांची मजल गेली, ती त्या शिवीच्याच भरात.

गोरांनी ती शिवी पाटीवर लिहून दाराला लावली, आणि १९४१ साली सरळ गांधीजींना पत्र पाठवून भेट मागितली. गांधीजींनी भेट नाकारली. नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे होय, अशा आशयाचे तुटक उत्तर आले. एखादा असता तर त्याने ते पत्र चौकट करून मिरविले असते किंवा वर्तमानपत्रातून महात्म्याची खोड मोडली असती. गोरा आपल्या कामाला लागले. पुढे त्यांच्या एका सहकाऱ्याकडून त्या कामाची हकीकत गांधीजींच्या कानी गेली आणि १९४४ च्या अखेरीस गोरा सेवाग्रामला पोहोचले.

पहिली भेट काही फार गोड झाली नाही. देवावाचूनच्या माणसाशी बोलावयाचे तरी काय, असे गांधीजींनी हसत विचारले. गोरांनी तेथेच त्यांना अडविले. देवावाचूनचा म्हणजे ज्याच्यापाशी काही उणे आहे असा. आपण तसे नाही, आपण नास्तिक आहोत आणि ती आपली स्वतंत्र भूमिका आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मग बोलणे वाढत गेले. बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरत होती, आणि पलीकडे मिठाईची दुकाने भरलेली होती. भुकेल्यांनी ती का लुटली नाहीत, असा गोरांचा प्रश्न होता. दैवावरच्या विश्वासाने माणसाचे हात बांधले जातात, देव सुटला की तो आपल्या पायांवर उभा राहील, हे त्यांचे उत्तर.

एका प्रार्थनाशील वृद्धापुढे बसून हे बोलावयाचे! ‘ईश्वर हे सत्य’ हे सूत्र उलटे करून ‘सत्य हाच ईश्वर’ असे गांधीजी १९३१ सालीच म्हणू लागले होते हे खरे. पण म्हणून रामनाम काही सुटले नव्हते. तरी त्यांनी ऐकून घेतले, उलटसुलट विचारले, सहभोजनांची बारीकसारीक चौकशी केली. आणि शेवटी, आपली आस्तिकता बरोबर की गोरांची नास्तिकता चूक, याचा निवाडा आपण करू शकत नाही, या अर्थाचे बोलले. काम चालू ठेवा, मी मदत करीन, हेही सांगितले. मतांतर कोणाचेच झाले नाही.

मदतीची वेळ लौकरच आली. गोरांनी आपली थोरली मुलगी मनोरमा हिचे लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील अर्जुन राव यांच्याशी ठरविले. ब्राह्मणाघरची मुलगी! गांधीजी हे लग्न सेवाग्रामला स्वतः लावून देण्यास तयार झाले. मात्र मुलगी लहान आहे, दोन वर्षे थांबा, म्हणाले. आता विधीचा प्रश्न. तेथे ईश्वराच्या साक्षीने शपथ असावयाची. ती घेणे वधूवरांना खोटेपणाचे झाले असते. गांधीजींनी तोड काढली: ‘ईश्वराच्या नावाने’ या जागी ‘सत्याच्या नावाने’ म्हणावे. हा एका शब्दाचा बदल मला त्या साऱ्या संभाषणाहून मोठा वाटतो. आपण तर एका अक्षतेवरून लग्नघरे हादरविणारी माणसे!

ते लग्न लावणे गांधीजींच्या नशिबी नव्हते. (‘नशिबी’ हा शब्द गोरांना चालला नसता.) ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांचा खून झाला. १३ मार्च १९४८ रोजी, ठरल्याप्रमाणे, लग्न आश्रमातच लागले. त्याच दिवसांत गांधीजींच्या पश्चात पुढे काय, याचा विचार करावयास देशभरची मंडळी सेवाग्रामला जमली होती.

गोरांनी या भेटींची हकीकत पुढे इंग्रजीत लिहिली. गांधीजींच्या नवजीवन प्रकाशनाने ती १९५१ साली छापली आणि तिला प्रस्तावना लिहिली अकोल्याच्या मशरूवाला कुटुंबातील किशोरलालभाईंनी, म्हणजे पुन्हा एका भाविकानेच.

हे सारे मी सहलीहून आल्यावर घरी सांगितले. पुतणी म्हणाली, “काका, गांधीजींनी निदान विचारलं तरी.” आईने वाती वळता वळता मान वर केली आणि म्हणाली, “अगं, मग मीही विचारते. तू संकटात कोणाला हाक मारतेस?” त्या दोघींचे बोलणे रात्री अकरापर्यंत चालले होते. मधे आवाज चढला, मधे आई रडलीही. मी उठून जात नव्हतो, एवढेच माझे त्यातले काम.

गोरांच्या मुलाची एक गोष्ट त्या रात्री सांगावयाची राहिली. मुलाचे नाव लवणम; मिठाच्या सत्याग्रहाच्या साली जन्मला म्हणून हे नाव. विनोबा भूदानासाठी आंध्रात पायी हिंडले तेव्हा त्यांच्या भाषणांचे तेलुगूत भाषांतर हा पक्का नास्तिक लवणम करीत असे. विनोबांच्या बोलण्यात देव पावलोपावली यावयाचा. तो प्रत्येक वेळी तेलुगूत, खेड्यातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, लवणमलाच आणावा लागत असणार.